दोन खाचा पुढे

त्या बाईंनी हात पुढे केला, मीही केला, आणि माझ्या मुठीत नुसती हवा आली. त्यांचा हात वीतभर पलीकडे तसाच थांबलेला होता. हॉटेलासाठी पडदे शिवून घ्यायला आल्या होत्या त्या. त्या हसल्या, मीही हसले, आणि दुसऱ्या खेपेला त्यांनीच माझा हात शोधून घेतला. झालं ते एवढंच. दुकानात कुणाचं लक्षही गेलं नाही. पण त्या दिवशी मी खाली ठेवलेली कात्री संध्याकाळपर्यंत उचलली नाही. कापडाच्या ताग्यांमागे जाऊन मी एकदा उजवा डोळा झाकला, एकदा डावा. डावा झाकला की दुकान नाहीसं व्हायचं. दिवे राहायचे, खिडकीतला उजेड राहायचा, लाल कापड लालच दिसायचं, पण माणसं, कपाटं, दार, सगळं दुधात बुडून जायचं. हे केव्हापासून चाललं होतं कुणास ठाऊक. एक डोळा गेल्याचं दुसरा सांगत नाही. तो आपला मुकाट्याने दोघांचं काम ओढत राहतो, आणि आपण सुईत दोरा ओवायला वेळ लागला की वयाला दोष देतो.

डॉक्टर पोरसवदा होता. त्याने माझ्या उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याचं चित्र दाखवलं. एक शीर तुंबून फुटली होती. उजेड कळेल, रंग कळतील, आकार परत येणार नाहीत, असं तो हळू आवाजात म्हणाला, जणू त्यानेच ती शीर फोडली होती. मग त्याने विचारलं, तुम्ही काम काय करता, गाडी चालवता का, घरी कोण आहे? मी सगळ्याची उत्तरं दिली. शिवणकाम, हो, कुणी नाही. पण माझ्या मनात त्यातलं काहीच नव्हतं. माझ्या मनात सप्टेंबर होता. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी एल्कची शिकार सुरू होते. एल्क म्हणजे घोड्याहून उंच, दांडगं हरीण, आणि आमच्या उत्तरेकडच्या माणसांचं वर्ष जानेवारीपासून नव्हे, त्या सोमवारपासून मोजायचं असतं. आमच्या सुंड्सवाल शहरातले कारखाने त्या आठवड्यात निम्मे रिकामे असतात आणि त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. मी आकार दिसणार नाहीत हे ऐकलं आणि दलदलीच्या कडेची माझी शिकारीला बसायची जागा डोळ्यांपुढे आली. तीही दोन्ही डोळ्यांपुढे, हे नवलच.

ती जागा माझी आहे कारण तिथलं जंगल माझ्या वडिलांचं होतं. ज्याचं जंगल, त्याला टोळीत जागा. टोळी म्हणजे गावातली शिकारी माणसं, वर्षानुवर्षं तीच. म्हातारा एव्हर्ट आहे, ज्याला गुडघे उरलेले नाहीत पण जीभ शाबूत आहे. टोळीचा म्होरक्या हाल्वार आहे, जो एके काळी माझा नवरा होता. आणि गुन्नेल आहे, जी आता त्याची बायको आहे आणि जिच्या रास्क नावाच्या करड्या कुत्र्यावाचून आमच्यातल्या कुणाला एक एल्कसुद्धा दिसणार नाही. लोकांना वाटतं हे सगळं फार अवघड जात असेल. सुरुवातीला गेलंही. हाल्वारने एका मार्च महिन्यात, बर्फ वितळायच्या आधी, स्वयंपाकघरात उभं राहून गुन्नेलचं नाव सांगितलं, तेव्हा मी हातातलं भांडं घासतच राहिले होते, ते स्वच्छ झाल्यावरही. मग मी शहरात आले. पण जंगल माझ्या नावावर होतं आणि टोळी जंगलाला बांधलेली. त्यामुळे दर सप्टेंबरला मी गावात जात राहिले, शेकोटीभोवती बसत राहिले, आणि कधीतरी ते अवघड जाणं संपलं. नेमकं केव्हा, ते कळलं नाही. मला मूल नाही, भावंडं नाहीत. शहरात माझी ओळख आहे ती जिन्यात भेटणाऱ्यांशी, आणि तीही सुप्रभात म्हणण्यापुरती. त्या टोळीला मात्र ठाऊक असतं की कॉफीत मला चीजचा तुकडा लागतो आणि माझ्या थर्मासचं झाकण गळतं. ती जागा गेली असती तर मी कुणाचीच कुणी राहिले नसते. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, पण मला पक्कं माहीत होतं.

आमच्यात एक रिवाज आहे आणि हाल्वार तो पाळण्यात कुणाची गय करत नाही. ऑगस्टमध्ये पळत्या एल्कवर नेमबाजी करून दाखवायची. एल्क पुठ्ठ्याचा, रुळांवरून एका झाडीतून दुसऱ्या झाडीत पळणारा. जो नीट मारील तो सप्टेंबरमध्ये आपल्या जागेवर बसेल, जो चुकेल तो बसणार नाही. जखमी जनावर जंगलात मरायला पाठवणं यासारखं पाप आमच्याकडे दुसरं नाही. मी हाल्वारला फोन करून डोळ्याचं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "रायफल घेऊन ये." त्याने माझ्या रायफलीवरची दुर्बीण काढली. आता तिच्यातून मला नुसतं दूध मोठं होऊन दिसलं असतं. तिच्या जागी त्याने लाल ठिपक्याची नळी बसवली. आखूड, बोटभर लांबीची नळी, आत काचेवर एक लाल ठिपका पेटलेला. त्यात काही मोठं होत नाही. ठिपका जिथे, गोळी तिथे, एवढाच हिशेब. "रंग दिसतो म्हणतेस ना? मग हा दिसेल. एव्हर्टचंही काय वेगळं आहे, तो तर अंदाजानेच मारतो." एव्हर्ट कोपऱ्यातून म्हणाला, "मी अंदाजाने मारतो पण माझा अंदाज डोळस आहे." हाल्वारने नळी अगदी मागे बसवली, जिथे दुर्बीण होती तिथेच, भुवईला जवळजवळ टेकेल अशी. तिथल्या खाचांच्या पट्टीवर दुर्बिणीच्या जुन्या कड्यांचे चरे होते, त्यांवर त्याने मोठ्या काळजीने मापून ती घट्ट केली. डाव्या खांद्यावरून मारून पाहायचंही आम्ही ठरवलं. बोल्ट, म्हणजे गोळी आत सारायचा दांडा, चुकीच्या बाजूला आला, माझा ओठ फुटला, आणि एव्हर्टने विचारलं, "अगं, डाव्या हाताने तू कधी चमचा तरी धरलायस का?" तो विषय तिथेच संपला.

ऑगस्टमधली ती सकाळ मला पुसता आलेली नाही. स्वच्छ ऊन होतं, हवेत तुडवलेल्या गवताचा वास होता. मी रायफल खांद्याला लावली, गाल दस्त्याला टेकवला आणि डावा डोळा मिटला. तो मिटण्याचा मी विचार केला नव्हता. माझ्या वडिलांनी मला तसंच शिकवलं होतं. मलाच काय, हाल्वारला, गुन्नेलला, टोळीतल्या अर्ध्या लोकांना त्यांनीच शिकवलं होतं. गोठ्यामागे उभं करून ते मागून माझ्या डाव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवायचे. तळव्याला डांबराचा आणि तंबाखूचा वास यायचा. "हा बंद," ते म्हणायचे, "याला बाकीच्या जगात रस आहे. आपल्याला आत्ता बाकीचं जग नको." मला तो तळवा फार आवडायचा. तो तिथे असेपर्यंत काही वाईट होणार नाही असं वाटायचं. तर मी डावा डोळा मिटला, आणि समोर दूध, आणि दुधात एक लाल दिवा. त्याभोवती नळीचं जाड काळं कडं. बस्स. पुठ्ठ्याचा एल्क रुळांवरून खडखडत गेल्याचं मला ऐकू आलं, दिसलं काहीच नाही. मी गोळी झाडली नाही. दुसऱ्या खेपेला मी डोळा अर्धवट उघडला, तर कडं, एल्क, ठिपका, झाडं, सगळी एकमेकांत घुसली आणि मला मळमळायला लागलं. त्या गोळ्या कुठे गेल्या ते मागच्या मातीच्या ढिगालाच माहीत. मी रायफल रिकामी करून टेबलावर ठेवली.  एव्हर्टसुद्धा गप्प बसला, यावरून काय ते समजावं.

हाल्वार माझ्यासोबत बसथांब्यापर्यंत चालत आला. त्याने रायफलीची पिशवी स्वतःकडे घेतली होती आणि एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर उगाच बदलत होता. बस समोरच्या वळणावर दिसायला लागली तेव्हा तो म्हणाला, "शेकोटीचं कुणीतरी बघायला हवंच असतं गं, वेंडेला. कॉफी, सॉसेज भाजणं. तेही टोळीचंच काम आहे." तो हे प्रेमाने म्हणाला. कठोरपणे म्हणाला असता तर मी भांडले असते. प्रेमाने म्हटल्यावर भांडायला जागा उरत नाही. मी म्हटलं, "बघू." बसमध्ये बसल्यावर मी काचेला डोकं टेकून बाहेर पाहत राहिले. नदी, ओंडक्यांच्या राशी, पेट्रोल पंप, परत नदी. शेकोटीजवळ बसणारी माणसं मी पाहिली होती. पहिल्या वर्षी त्यांना सगळे गळ्यातल्या रेडिओवरून काय झालं ते सांगतात. दुसऱ्या वर्षी थोडं कमी. मग ती माणसं म्हणतात, यंदा थंडी फार आहे, मी घरीच थांबतो. आणि त्यांचा कॉफीचा मग कपाटात मागे सरकतो. मला राग आला नव्हता. आतून फक्त सगळं हळूहळू सुटत चाललं होतं, टाके उसवत जावेत तसं, आणि मी शिंपीण असूनही ते पकडता येत नव्हते.

शनिवारी दाराची बेल वाजली आणि बाहेर गुन्नेल उभी होती. ती माझ्या घरी कधीही आलेली नव्हती. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. तिच्या हातात पातळ पाव होता, फडक्यात गुंडाळलेला, आणि खिशात छोट्या किल्ल्यांचा जुडगा, स्क्रू काढायच्या. "रायफल कुठंय?" तिने बूट काढता काढता विचारलं. मी म्हटलं, "कपाटात, कुलपात. का?" "काढ. आणि बोल्ट वेगळा ठेव, आणि ते पडदे ओढ. नाहीतर तुझ्या समोरच्या घरातली बाई पोलिसांना बोलावेल, आणि मला हाल्वारला सांगावं लागेल की मी तुझ्याकडे आले होते." मी विचारलं, "त्याला माहीत नाही?" ती म्हणाली, "त्याला काय काय माहीत नसतं याची यादी केली तर हिवाळा संपेल. काढ रायफल." मी काढली. तिने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर टॉवेलवर ठेवली, नळीकडे पाहिलं आणि मोठ्याने हसली. "देवा! दुर्बिणीच्या जागेवर. जुन्या चऱ्यांवर. हा माणूस स्वर्गात गेला तरी आधी विचारेल, गेल्या खेपेला मी कुठे बसलो होतो?"

मग ती गंभीर झाली. गुन्नेल बोलते तेव्हा हातांनी बोलते, आणि किल्ली फिरवता फिरवता ती बोलत राहिली. "दुर्बिणीला डोळा जवळ लागतो. तिला अंतर ठरलेलं असतं, जरा इकडेतिकडे झालं की काळं दिसतं. याला तसं काहीच नाही. हा जवळ ठेव, लांब ठेव, ठिपका तोच. मग लोक जवळ का ठेवतात? सवय. जवळ ठेवलं की हे कडं केवढं मोठं होतं बघ. तुझा उजवा डोळा त्या काळ्या कड्याकडेच बघत बसतो, आणि डावा काय सांगतोय ते डोक्यापर्यंत पोचत नाही. पुढे ठेव. कडं बारीक होतं, बांगडीसारखं. मग ते मधे येत नाही." मी म्हटलं, "मग रायफलीच्या लांब नळीवरच का नाही बसवत, अगदी पुढे?" "नाही. रायफलीची नळी तापते, तापली की हलते. जिथे चेंबर आहे, गोळी बसते, त्या लोखंडावरच, एकाच पट्टीवर, पण पट्टीच्या पुढच्या टोकाला. माझी तशीच आहे. सगळे हसतात ना मला, की गुन्नेलचा ठिपका रायफलीच्या पुढे धावतो? हसू देत. मी कुत्र्यामागे झाडीतून धावते, मला कुत्रा दिसायला हवा, पायाखालचा दगड दिसायला हवा, एल्क दिसायला हवा. मला सगळं जग हवं असतं आणि त्यावर एक ठिपका." तिने नळी दोन खाचा पुढे सरकवली, परत मागे पुढे केली, आणि दोन्ही स्क्रू बसवले. "उचल. आणि एकही डोळा मिटायचा नाही."

मी रायफल उचलली. भिंतीवर दिनदर्शिका होती, तिच्यावर लाल लाकडी घर आणि पुढे बर्चची झाडं. माझा डावा डोळा मिटायला लागला. चाळीस-पन्नास वर्षांची सवय होती ती, पापणी आपोआप खाली येत होती. गुन्नेल ओरडली, "उघड!" मी उघडला. आणि क्षणभर सगळं तरंगलं, मग थांबलं. डाव्या डोळ्यात भिंत होती, दिनदर्शिका होती, लाल घराची खिडकीसुद्धा होती. उजव्या डोळ्यात दूध होतं आणि दुधात ठिपका. आणि डोक्यात कुठेतरी मागे, जिथे माझा हात पोचत नाही तिथे, कुणीतरी तो ठिपका उचलून त्या खिडकीवर ठेवला. नळी कुठे होती तेही मला कळत नव्हतं. कोपऱ्यात बारीक राखाडी कडं होतं, ते मनावर न घेतलं तर चालण्यासारखं होतं. मी ठिपका दारावर नेला, बर्चच्या खोडावर नेला, सोमवारवर नेला. तो गेला. जिथे नेला तिथे गेला. त्या डोळ्याला मी महिनाभर मेलेला समजत होते, आणि तो इतके दिवस एकच गोष्ट करू शकत होता, आणि तीच एक गोष्ट त्याला कुणी विचारली नव्हती. मला वडिलांचा तळवा आठवला. मला त्यांना सांगायचं होतं, बाबा, आता तळवा काढा. मी रायफल खाली ठेवली आणि सिंकपाशी जाऊन नळ सोडला.

आमच्याकडे आभार मानायला फार काही घडावं लागत नाही. जेवण झालं की जेवणाचे आभार, दिवस संपला की दिवसाचे आभार, आणि एखाद्याकडे जाऊन आल्यावर पुढच्या भेटीत पहिलं वाक्य हेच, गेल्या खेपेचे आभार. शिकार संपली की शेवटचं जेवण हाल्वारकडे, म्हणजे गुन्नेलच्या हातचं असतं, आणि त्यानंतर भेटल्यावर मी दर वर्षी तिला ते म्हणत आले होते. शिंक आल्यावर तोंडावर हात जावा तसे ते शब्द यायचे. त्यामुळे त्या दिवशी खरोखर गरज होती तेव्हा माझ्याजवळ एकही कोरा शब्द शिल्लक नव्हता. मी सिंकपाशी उभी राहून विचारलं, "तू हे का करतेयस?" जरा तोडूनच विचारलं. तिने पाव उलगडला, त्यावर लोणी लावायला घेतलं. "तुझ्यावर उपकार म्हणून नाही, एवढं लक्षात ठेव," ती म्हणाली. "मी आणि रास्क तुमच्या सगळ्यांच्या समोर असतो. झाडीत. तुम्हाला दिसत नसतो. कोण कुठे बसलंय आणि कोण कसा आहे हे मला पाठ असावं लागतं. फांदी मोडली तरी बोट दाबणारे दोघं आहेत आपल्यात, नावं तुला माहीत आहेत. तू दलदलीवर असलीस की मी त्या बाजूने निवांत धावते. तू शेकोटीवर गेलीस तर तिथे कुणाला बसवतील? विचार कर." मी विचार केला. त्या दोघांतल्याच एकाचं नाव डोळ्यांपुढे आलं आणि मी तिच्याकडे वळून पाहिलं. आम्ही दोघी एकदमच हसलो. मग ती म्हणाली, "आणि उपकार म्हणूनही थोडंसं. खा हे."

जाताना तिने मला एक गोष्ट बजावली, आणि ती तिने हसत सांगितली नाही. दोन डोळ्यांची ही जोडी जितकी सहज जुळते तितकीच सहज सुटते. थकवा आला, थंडीने पाणी आलं, घाबरलं, की एक डोळा आपल्या वाटेने जायला लागतो, आणि ठिपका एल्कवरून घसरतो. तो घसरलेला आपल्याला दिसतो, पण खरा कुठे आहे ते कळत नाही. "त्या वेळी ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नाही. एल्कवरही नाही. गोळी झाडायचीच नाही," ती म्हणाली. मी रोज संध्याकाळी पडदे ओढून रिकामी रायफल दिनदर्शिकेवर धरत राहिले. कधी ठिपका जागचा हलायचा नाही. कधी, दुकानात फार शिवण झालेलं असेल तर, तो हळूहळू लाल घरावरून उतरून अंगणात जायचा, आणि मी पाहत राहायचे. माझा माझ्या डोळ्यांशी इतका परिचय आयुष्यात कधी झाला नव्हता. त्या महिन्यात मी शहरातून चालताना रस्ता दोनदा पाहायचे, एकदा त्यावरच्या माणसांसाठी आणि एकदा त्यावरच्या उजेडासाठी. कुणाचा हात पुढे आला तर मी माझा हात आधी नुसता उघडा ठेवायचे. समोरचा येऊन भेटायचाच. लोक इतके सहज येऊन भेटतात हे मला आधी ठाऊक नव्हतं, आणि त्याचं मला दर वेळी बरं वाटायचं.

ऑगस्ट संपता संपता मी हाल्वारकडे पुन्हा चाचणी मागून घेतली. आधी स्थिर लक्ष्यावर मारून पाहिलं. सगळ्या गोळ्या एकत्र होत्या, पण तळवाभर डावीकडे. डोळ्यांनी जोडताना तेवढी गफलत केली होती. हाल्वारने ठिपक्याच्या नळीवरचा छोटा स्क्रू फिरवला. मग पुठ्ठ्याचा एल्क आला, आणि या वेळी मी त्याला पाहिलं, झाडीतून निघताना, उन्हात येताना, आणि ठिपका त्याच्या खांद्याशी त्याच्याबरोबर चालला. डावीकडून, मग उजवीकडून. एव्हर्ट दुर्बिणीतून भोकं पाहून म्हणाला, "हाल्वार, आपणही एकेक डोळा काढून टाकूया का?" हाल्वार माझ्या रायफलीकडे पाहत होता. त्याने बोट त्या रिकाम्या जुन्या चऱ्यांवरून फिरवलं. "कुणी हलवलं?" "मी," गुन्नेल म्हणाली. तो तिच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला त्याची दया आली. दोन बायकांनी मिळून त्याच्यामागे काहीतरी चांगलं केलं होतं आणि आता त्यात त्याने बसावं कुठे हे त्याला कळत नव्हतं. "स्क्रू नीट आवळले आहेत का?" एवढंच त्याने विचारलं. "तपासून बघ," ती म्हणाली. त्याने खरोखरच तपासले.

आणि मग तो सोमवार. मी दलदलीच्या कडेला, फरच्या झाडाला पाठ लावून बसले होते. टोपीवर नारिंगी पट्टा, मांडीवर रायफल, गळ्यात रेडिओ. धुकं उठलं, बगळ्यांसारखे उंच सारस पलीकडून ओरडत गेले, लिंगनची बारीक रानफळं पायाशी लाल होती. मी सकाळपासून एकटी बसले होते आणि मला इतकं कृतज्ञ वाटत होतं की अंगात मावत नव्हतं. त्या झाडाबद्दल, थर्मासबद्दल, आपल्याला एखादी जागा आहे या साध्या गोष्टीबद्दल. दुपारकडे लांबून रास्क भुंकायला लागला. एकसारखं, खोल भुंकणं, म्हणजे त्याने एल्क थोपवून धरला होता. मग भुंकणं सरकायला लागलं. माझ्याकडे. फांद्या मोडल्या, आणि समोर, जिथे दलदल संपून झाडी सुरू होते तिथून, नर बाहेर आला. रुंद शिंगांचा, ओला, काळा. असा नर टोळीला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. तो पळत नव्हता, चालत होता, आणि मग थांबला, कूस पुरती माझ्याकडे वळलेली. मी रायफल उचलली. ठिपका त्याच्या खांद्यावर गेला. माझं बोट घोड्यावर होतं. आणि मग, मी पाहत असताना, ठिपका खांद्यावरून निघाला. हळूच, पोटाकडे, मग त्याच्या मागच्या गवतावर. माझे हात हलले नव्हते. सकाळपासूनची थंडी होती, डोळ्यांत पाणी होतं. मी पापण्या मिटल्या, उघडल्या. ठिपका परत आला, खांद्यावर बसला, आणि परत निघाला. नर तसाच उभा होता, काहीतरी चघळत होता, श्वासाची वाफ सोडत होता. कुणालाही वाटलं असतं, आता काय, एवढं मोठं जनावर, कुठेही लागेल. मी बोट काढलं, सुरक्षेचा खटका लावला आणि रायफल मांडीवर घेतली. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याला जाताना पाहिलं, शेपटी दिसेनाशी होईपर्यंत.

रेडिओवर हाल्वारचा आवाज आला. "वेंडेला? कुत्रा तुझ्याकडे होता. काय झालं?" मी बटण दाबलं. शेकोटी, थंडी, मागे सरकलेला मग, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. खोटं बोलणं सोपं होतं, झाडी आडवी आली म्हणायचं. "नर होता," मी म्हटलं. "मोठा. उघड्यावर उभा होता. माझा ठिपका ठरत नव्हता. मी मारलं नाही."  सगळी टोळी ऐकत होती, प्रत्येक जण आपापल्या झाडाखाली. फक्त खरखर. मग गुन्नेलचा धापा टाकणारा आवाज, कुठूनतरी माझ्या समोरच्या झाडीतून, "कुठे गेला?" मी सांगितलं. ओढा ओलांडला, पडलेल्या फरच्या डावीकडून गेला, तळ्याच्या दिशेने, घाई नाही, मागचा उजवा पाय किंचित जड. "एवढं सगळं बघितलंस?" एव्हर्ट मधेच म्हणाला. "अरे, मला तर तिथे बसून दलदलसुद्धा दिसली नसती." कुणीतरी हसलं. मग परत हाल्वार, म्होरक्याच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सगळे आपापल्या जागी. एव्हर्ट, तो आता तुझ्याकडे येतोय, जागा राहा. वेंडेला, तू दलदलीवरच. उद्याही, पुढच्या वर्षीही. तिथे मला असंच माणूस हवंय."

मला "बरं" म्हणायचं होतं, बटणही दाबलं होतं, पण आवाज निघाला नाही. त्या दाबलेल्या बटणातून सगळ्यांनी काय ऐकलं असेल देव जाणे.  मी बटण सोडलं, टोपी काढली आणि तिनेच तोंड पुसलं. दोन्ही डोळे सारखेच ओले होते.